एका पायात जोडा घातलेला पाहुणा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. भूकंप आला तर इमारत उभी राहील की नाही, हे मी आकडे मांडून सांगतो, आणि आकडे जुळले नाहीत तर कागदावर सही करत नाही. या सदरातले अनुभव माझी बायको वसुधा नेमाने वाचते. मी तिच्या खांद्यावरून वाचतो आणि चुका काढतो... एवढ्या अंधारात याला साडीचा रंग कसा दिसला, कुत्रा भुंकला म्हणजे भूतच कशावरून, वगैरे. त्यामुळे आज हे लिहायला मी बसलोय याचं मलाच बरं वाटत नाहीये. वसुधा म्हणाली, "तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर लोक म्हणतील, आई आहे, तिला दिसणारच." म्हणून लिहितोय. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहीन, आणि जे तिने सांगितलं ते तिने सांगितलं म्हणून.

आम्ही मूळचे पुण्याचे. बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला राहतो. मी ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जातो. घराच्या मागे डेक, डेकपुढे थोडं गवत, मग कुंपणाचं छोटं फाटक, आणि फाटकाबाहेर हट नदीच्या काठाने जाणारी पायवाट. त्या वाटेवर दिवसभर कुणी ना कुणी असतं. कुत्री फिरवणारे, सायकलवाले, उन्हाळ्यात टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून निघालेली पोरं. फाटकाबाहेर डाव्या हाताला एक लाकडी बाक आहे आणि त्याच्यामागे फ्लॅक्सची दाट, पुरुषभर उंच झुडपं. हे सगळं नीट सांगतोय कारण पुढे लागणार आहे.

आमचा एकुलता एक मुलगा अमेय. साधारण तीन वर्षांपूर्वी तो दोन मित्रांबरोबर तारारुआच्या डोंगरात ट्रॅम्पिंगला, म्हणजे भटकंतीला, गेला. रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला होता. सकाळी तिघं हात धरून ओढा ओलांडताना हात सुटला आणि मधला अमेय वाहून गेला. बॅग मिळाली. अमेय मिळाला नाही. हेलिकॉप्टर, शोधपथक, कुत्री, सगळं झालं. काही महिन्यांनी कॉरोनरचा, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, निकाल आला: बुडून मृत्यू. मी तो वाचला, फाइलला लावला आणि त्या दिवसापासून मुलगा गेला असं धरून चाललो. हट नदी त्याच डोंगरांतून येते. ते मी घरात कधी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, वसुधा आणि सून, दोघी नकाशा वाचू शकतात.

वसुधाने मात्र निकाल मानला नाही. आदल्या रात्री तो आमच्याकडे झोपला होता, आणि इथून निघाला त्या पहाटे पोर्चचा दिवा लावलेला होता. तो तिने बंद केला नाही. रात्री नाही, दिवसाही नाही. बल्ब गेला की अर्ध्या तासात नवा. ती एक रात्रही घराबाहेर राहिली नाही. पुण्यात तिची आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ फोनवर रडायचा, तरी ही गेली नाही. म्हणायची, "तो आला आणि घराला कुलूप असलं तर?" अमेयचं दहावं-बारावं काही करू दिलं नाही. देहच नसला तर काय विधी करायचा असतो हे मी विचारून ठेवलं होतं, पण तिच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. आणि तिने वडे करणं सोडलं.

वड्यांचं सांगायला हवं. अमेय लहान असताना मी उशिराच्या ट्रेनने यायचो. घरात काही तळलं की तो स्वतःच्या ताटातला एक वडा माझ्यासाठी ठेवायचा आणि आईने ताट उचलू नये म्हणून त्यावर खिरीची नाहीतर आमटीची वाटी उपडी घालायचा. पुढे मोठा झाला, लग्न झालं, तरी सोडलं नाही. मी समोर जेवायला बसलेलो असलो तरी वाटी उपडी घालून ताट माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "बाबांचा टॅक्स."

त्याची बायको एमिली. अमेय गेल्यावर ती माहेरी जाईल असं आम्हाला वाटलं होतं, पण ती भाड्याचं घर सोडून आमच्याकडे राहायला आली. वसुधा तिला एमू म्हणते. एमिली जन्माने अमेरिकन, पेनसिल्व्हेनियाची. शाळेत असताना आईवडिलांबरोबर इकडे आली. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिशमध्ये, पण 'आई' आणि 'बाबा' हे दोन शब्द आमच्या नात्यातल्या कुणाहीपेक्षा स्वच्छ म्हणते.

तिला आणि अमेयला एक नाद होता. तिचे पूर्वज शोधायचा. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हा, म्हणजे साधारण पावणेतीनशे वर्षांपूर्वी, तिच्या घराण्यातले दोन भाऊ सरहद्दीवरच्या जंगलात एका लढाईला गेले. गावातली पोरंच ती, सैन्य म्हणावं असं काही नाही. त्यांची तुकडी मारली गेली, उरलेले मागे पळाले. पळताना नदी लागली. मोठा भाऊ पार झाला, धाकटा झाला नाही. मोठ्याचा वंश पुढे वाढत एमिलीपर्यंत आला. धाकट्याचं नावही कुणाला माहीत नाही. घरात फक्त 'दुसरा मुलगा' म्हणून गोष्ट चालत आली, आणि त्या गोष्टीत एवढंच, की त्याची आई मरेपर्यंत रोज खिडकीत मेणबत्ती लावायची. अमेय गेल्यावर एमिलीने एकटीने शोध चालू ठेवला. तिच्या वंशावळीचा तक्ता नीट मांडून द्यायचं काम माझ्याकडे होतं. धाकट्याच्या चौकटीत नावाच्या जागी फक्त रेघ. ती चौकट भरायची, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. मला वाटतं, अमेयबरोबर सुरू केलेलं एक तरी काम पुरं व्हावं म्हणून.

मेणबत्तीची गोष्ट ऐकल्यावर वसुधा माझ्याकडे बघून म्हणाली होती, "बघा, मी काही जगावेगळं करत नाहीये."

गेल्या सप्टेंबरात पितृपक्ष आला. मी सर्वपित्री अमावास्येला वाडवडिलांना पाणी देतो. श्रद्धेपेक्षा सवय म्हणा, वडील द्यायचे म्हणून. स्वयंपाकघरात पुण्याहून आणलेलं कॅलेंडर असतं, त्यावर अमावास्या रविवारी होती. सुट्टीचाच दिवस, बरं झालं म्हटलं. शनिवारी एमिलीने विचारलं, तिच्या त्या दुसऱ्या मुलाच्या नावाने पाणी देता येईल का. मी म्हटलं, नावच नाही तर नावाने कसं देणार? पण सर्वपित्रीला ज्याचं कुणी नाही त्यालाही देतात. देईन.

"स्वीट अ‍ॅज, बाबा," ती म्हणाली. हे इथलं 'मस्तच'. मग वसुधा ऐकत नाहीये असं बघून हळूच म्हणाली, "आणि अमेय?"

वसुधाने ऐकलंच. म्हणाली, "त्याचं नाव घ्यायचं नाही."

रविवारी एमिलीची हॉस्पिटलात ड्यूटी होती. ती सकाळीच गेली. वसुधाने मात्र श्राद्धाचा पूर्ण स्वयंपाक केला. अळू इथे पॅसिफिक आयलंडर लोकांच्या दुकानात छान मिळतं, त्याची भाजी. भोपळा, कढी, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर. आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा भरड्याचे वडे. मी वड्यांकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्या पोराच्या आईने केलं असतं ना काहीतरी, म्हणून." श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळे मीठ अंदाजाने.

दुपारी मी फाटकातून नदीवर गेलो, पाणी दिलं. वडील, आजोबा, पणजोबा, आईकडचे, सासरे. शेवटी मराठीतच म्हटलं, एमिलीच्या घराण्यातला तो मुलगा, जो नदी पार करू शकला नाही, त्याला. अमेयचं नाव घेतलं नाही. ओंजळीत पाणी उरलं होतं ते तसंच सोडून दिलं.

परत येऊन डेकवर हातपाय पुसत होतो तेव्हा फाटक वाजलं. एक मुलगा गवतावरून आला आणि डेकच्या पायरीशी उभा राहिला. अठरा-एकोणीसचा असेल. गुडघ्यापर्यंत येणारा जाड कापडाचा सदरा, कमरेला पट्टा, छातीपर्यंत चिंब. पाऊस नव्हता. एका पायात जोडा, दुसरा पाय अनवाणी. अनवाणी माणसाचं इथे कुणाला काही वाटत नाही. डेअरीत दूध आणायलाही लोक अनवाणी येतात. पण दोन्ही पाय अनवाणी असतात. एकच अनवाणी मी पहिल्यांदा पाहिला. पायातल्या जोड्याला बक्कल नव्हतं. त्या जागी चामड्याची वादी बांधलेली होती आणि वादीला दोन गाठी. मला वाटलं, जवळपास कुठल्यातरी सिनेमाचं शूटिंग असेल. वेलिंग्टनकडे हे नेहमीचं. पोरगं नदीत पडलं असणार.

"किया ओरा," मी म्हटलं. हा इथला नमस्कार, तो त्याला कळला नसावा. मग त्याने विचारलं, "दिव्याचं घर हेच का?"

इंग्लिशच, पण उच्चार वेगळे. मला आयरिश वाटले. पोर्च घराच्या पुढच्या बाजूला आहे, मागून दिसत नाही. तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी हो म्हटलं आणि टॉवेल आणायला वळलो, तर दारात वसुधा. ती त्याच्याकडे बघत होती. श्राद्धाच्या दिवशी दारात कुणी आलं तर आमच्याकडे त्याला जेवू घातल्याशिवाय पाठवत नाहीत. तिने त्याला आत यायला सांगितलं. तो म्हणाला, आत नको. आणि मग म्हणाला, "दोन ताटं मिळतील? माझ्याबरोबर एक जण आहे. तो फाटकाबाहेर थांबलाय."

वसुधाने दोन ताटं वाढली. सगळं वाढलं, दोन्हीत सारखं, चार-चार वडे, खिरीच्या वाट्या. त्याने दोन्ही हातांत दोन ताटं घेतली आणि गवतावरून फाटकाकडे निघाला. वसुधा मागोमाग गेली. मी डेकवरच थांबलो, कारण मला यात विशेष काही वाटत नव्हतं. दोन भिजलेली पोरं, भूक लागली असेल.

फाटकापाशी तो थांबला आणि वळून वसुधाशी काहीतरी बोलला. मला शब्द ऐकू आले नाहीत, नदीचा आवाज असतो. वसुधाने फाटकाच्या कडीवर हात ठेवला होता. तिने फाटक उघडलं, तो बाहेर गेला, फ्लॅक्सच्या मागे दिसेनासा झाला, आणि फाटक लागलं. तिने कडी धरलेली, पण पुन्हा उघडली नाही. ती तशीच उभी राहिली. मी तिला हाक मारली तर तिने दुसरा हात मागे करून मला थांबवलं. तिच्या पाठीकडे बघून मला वाटलं, हिला बरं वाटत नाहीये. किती वेळ गेला सांगत नाही, कारण मी घड्याळ पाहिलं नव्हतं. दोन ताटं जेवायला लागतो तेवढा.

मग ती खाली बसली. तिथेच, गवतात. मी धावत गेलो. तिने फाटकाकडे बोट केलं. मी बाहेर गेलो. बाकावर दोन ताटं शेजारी शेजारी ठेवलेली. फ्लॅक्सच्या मागे कुणी नाही. वाटेवर दोन्ही बाजूंना लांबवर कुणी नाही. पलीकडून एक बाई कुत्रा घेऊन येत होती, तिला विचारलं. तिला कुणी भेटलं नव्हतं.

एक ताट पूर्ण रिकामं. दुसऱ्या ताटात सगळं संपलेलं, आणि मधोमध खिरीची वाटी उपडी घातलेली.

मी वाटी उचलली. खाली एक वडा होता.

ताटं वसुधाने वाढली हे खरं. पण पुढे ती त्या मुलाच्या हातात गेली आणि मी बाकावरून उचलेपर्यंत वसुधा फाटकाच्या आत होती. ती पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांसमोर होती. हे मी कुठल्याही कागदावर सही करून देईन.

तिने नंतर सांगितलं ते असं. तो मुलगा म्हणाला, माझ्याबरोबरचा तो तुम्हाला बाहेर येऊ नका म्हणतोय. तुम्ही आलात तर त्याला जाता येणार नाही. तिने विचारलं, कुठे जायचंय त्याला? तो एवढंच म्हणाला, "माझ्याही आईने दिवा लावून ठेवला होता. दिवा असला की निघता येत नाही. खूप काळ निघता येत नाही."

"मला चमच्याचा आवाज येत होता हो," वसुधा म्हणाली. "वाटी खरवडल्याचा. तो कशी खरवडतो... मला माहीत आहे ना. एक कडी काढायची होती फक्त."

तिला इतकं अवघड काही करताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ती ते करत होती तेव्हा मी डेकवर उभा राहून, हिचं बीपी वाढलं असेल, असा विचार करत होतो.

संध्याकाळी एमिली आली. मी सगळं क्रमाने सांगितलं. जोड्यावर आलो तशी ती उठून उभी राहिली. म्हणाली, वादीला गाठी किती? मी दोन म्हटलं. तिने फोनवर एक फोटो उघडला. पेनसिल्व्हेनियात तिची एक आत्या आहे. तिच्या घरात काचेच्या पेटीत एक काळा पडलेला जोडा आहे. नदीतून पार झालेल्या मोठ्या भावाच्या हातात धाकट्याचा पाय आला होता. पाय सुटला आणि जोडा हातात राहिला. तोच घेऊन तो आईकडे गेला. हे एमिलीने फक्त अमेयला सांगितलं होतं. आम्हाला नाही, कारण अमेयचाही हात असाच मित्रांच्या हातून सुटला होता, आणि ते वसुधाच्या कानावर पुन्हा घालायला नको म्हणून. फोटोत बक्कल नव्हतं. वादी होती. दोन गाठी होत्या. डावा की उजवा, हे मी पडताळू शकलो नाही. त्या काळात दोन्ही पायांचे जोडे एकाच घडणीचे असत, असं एमिली म्हणाली.

मग तिने विचारलं, "बाबा, नाव विचारलंत?"

नाही विचारलं. मी वसुधाकडे बघितलं. ती म्हणाली, "जेवायला आलेल्याला नाव-गाव विचारत नाहीत, एमू. आमच्यात तसं असतं."

एमिली खाली बसली. इतक्या वर्षांचा शोध, तो आमच्या पायरीशी येऊन उभा राहिला, आणि आम्ही रीत पाळली. ती रडली ती तेव्हा, आणि किती कुणासाठी ते मला ठरवता येणार नाही. वसुधाने तिला जवळ घेतलं.

मी ऑकलंडला हिल्सबरोच्या गुरुजींना फोन लावला. हे आठवडाभर आयटीत असतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. मी त्यांना पाहुण्याचं वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं एवढंच, की श्राद्धाच्या पानात पाहुण्याने मागे ठेवलेलं घरच्यांनी खाल्लं तर चालतं का.

ते म्हणाले, "पण काका, तुम्ही आज कसलं श्राद्ध केलंत? अमावास्या उद्या आहे."

मी म्हटलं, कॅलेंडरवर आज आहे.

"पुण्याच्या कॅलेंडरवर. तिथे ती आज उशिरा सकाळी लागली. आपली दुपार झाली तेव्हा पुण्यात जेमतेम उजाडलं होतं. आपल्याकडे दुपारी चतुर्दशीच होती. सगळेच ही चूक करतात, दरवर्षी."

आयुष्यभर आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला ही वजाबाकी सुचली नव्हती. मी विचारलं, चतुर्दशीला कुणाचं करतात?

"ते वेगळं असतं. शस्त्राने गेलेले, अपघातात गेलेले, बुडून गेलेले. घरी देह न आलेले म्हणा. त्यांचाच दिवस तो." मग म्हणाले, "आणि मागे ठेवलेलं खाऊ नये असं आहे. उरलंय की ठेवलंय?"

मी म्हटलं, ठेवलंय. झाकून.

ते म्हणाले, "मग मी काय सांगू, काका."

वडा स्वयंपाकघरात ओट्यावर, त्याच ताटात, त्याच वाटीखाली होता. वसुधाने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं आणि वाटी काढली.

"खा," ती म्हणाली. "तुमचा टॅक्स आहे."

मी खाल्ला. गार होता. मीठ थोडं कमी पडलं होतं. मी खात असताना ती पुढच्या खोलीत गेली. बटणाचा आवाज मला ऐकू आला. पुढच्या दाराच्या काचेतून पॅसेजमध्ये पडणारा पोर्चच्या दिव्याचा पिवळा चौकोन अडीच वर्षं तिथे होता, तो गेला.

दुसऱ्या दिवशी खरी अमावास्या. मी ऑफिसला सुट्टी घेतली. तिघंही नदीवर गेलो. माझ्या ओंजळीत पाणी वसुधाने ओतलं आणि अमेयचं नावही आधी तिनेच घेतलं, मग मी. दोन आठवड्यांनी ती पुण्याला आईकडे गेली.

मी चौकशी केली. त्या आठवड्यात आमच्या भागात कसलंही शूटिंग नव्हतं. कुणी नदीत पडल्याची नोंद नव्हती. डेकच्या पायरीवर ओले ठसे होते, एक जोड्याचा आणि एक पावलाचा. मी फोटो काढायचा विचार करेपर्यंत वाळून गेले. ताटं-वाट्या आमच्याच. मी हे सगळं अनेक वेळा मांडून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी एक काहीतरी शिल्लक राहतं. एमिलीच्या तक्त्यात ती चौकट अजून रिकामीच आहे, आणि मलाही सही करता येईल असं उत्तर मिळालेलं नाही.

आता संध्याकाळी ट्रेनमधून उतरून घरी येतो तेव्हा पोर्चमध्ये अंधार असतो. कुलपाचं भोक चाचपडत शोधावं लागतं. खिशातल्या फोनला टॉर्च आहे. मी तो लावत नाही.